सफारीच्या डिकीसाठी काढता-घालता येणारे पडदे

टाटा सफारीच्या मागच्या भागात ऐसपैस जागा आहे आणि त्या जागेला तितक्याच ऐसपैस काचा आहेत. आमच्याकडे आहे ती टाटाच्या डायकोर या डिझेल इंजिनाची, फोर बाय फोर, मागच्या दरवाजावर स्टेपनी असलेली जुनी सफारी. ही गाडी १९९८ मध्ये बाजारात आली, पिंपरीच्या कारखान्यात तयार होत राहिली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. २०२१ मध्ये त्याच नावाने आलेल्या नव्या गाडीत फोर बाय फोरची सोय नव्हती, त्यामुळे जुन्या सफारीवर जीव असणारी माणसे ती आजही सांभाळून वापरतात, आणि मी त्यांच्यापैकीच एक आहे. मधली सीट पुढे दुमडून, मागच्या समोरासमोरच्या जंप सीट उचलून कडेला लावल्या आणि वर प्लायवूडची फळी टाकली, की दोन माणसांना झोपण्यापुरती जागा मिळते. मात्र झोप लागायची असेल तर ढाब्यावरचा रात्रभर जळणारा दिवा, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा आणि पहाटेचा उजेड हे सगळे काचेबाहेर थोपवावे लागते. दिवसा गाडी उभी करून गड चढायला जायचे असेल तर आतल्या पिशव्या कोणाच्या डोळ्यांत भरू नयेत, हीही गरज असतेच.

बाजारात तयार पडदे भरपूर मिळतात. तारेच्या कड्यावर काळी जाळी ताणलेले आणि काचेला रबरी चकत्यांनी चिकटणारे पडदे तर सिग्नलवरसुद्धा विकत मिळतात. डुलकी घेणाऱ्या लहान मुलाच्या तोंडावर ऊन येऊ नये एवढ्यापुरते ते ठीक असतात, पण झोपण्यासाठी ते उपयोगाचे नाहीत. जाळीतून उजेड येतो, त्याहून जास्त उजेड जाळी आणि चौकट यांमधल्या मोकळ्या जागेतून येतो, आणि काच तापली की त्या चकत्यांखाली हवा शिरून त्या एकेक करून गळून पडतात. ज्या काचांना कडेने काळी पट्टी आणि बारीक ठिपके असतात, तिथे तर चकती मुळातच नीट धरत नाही. त्यामुळे प्रत्येक काचेच्या मापाचा, चौकटीत दाबून बसणारा आणि हाताने ओढताच निघणारा पडदा घरीच तयार करावा, या निष्कर्षाला मी आलो. या कामात पडद्याचा कस कापडावर किंवा फोमवर लागत नाही, तो कडेवर लागतो. मधला भाग कशाचाही केला तरी चालून जाते, पण कड चुकली तर मधल्या भागाचा काही उपयोग उरत नाही.

काढता येणारेच पडदे का, याचे उत्तर कायद्यात आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काचांवर काळी फिल्म किंवा अन्य कोणतेही साहित्य लावण्यास मनाई केली आणि ४ मे २०१२ पासून ती लागू झाली. पुढे सेफ्टी ग्लेझिंगविषयी, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेल्या सुरक्षित काचेविषयी, नव्या तरतुदी आल्या तरी ७० आणि ५० टक्क्यांची अट कायम राहिली. म्हणून माझा नियम साधा आहे: गाडी उभी असेल तेव्हाच पडदे लावायचे आणि किल्ली फिरवण्याआधी ते सगळे काढून ठेवायचे. पोलिसांनी अडवले तर काय, एवढ्यापुरता हा प्रश्न नाही. सफारीच्या मागे आधीच स्टेपनी असते, त्यामुळे रिव्हर्स घेताना मागच्या काचेतून जेमतेमच दिसते. त्यात बाजूच्या काचाही झाकलेल्या असतील तर मागे खेळणारे लहान मूल दिसणार नाही, आणि ही शक्यता मला दंडाच्या पावतीपेक्षा कितीतरी गंभीर वाटते.

आता उन्हाचा विचार करू. भर दुपारी जमिनीवर पडणारे ऊन एका चौरस मीटरला साधारण १००० वॉट इतके असते. त्यातला बराच भाग काचेतून आरपार आत येतो आणि सीट, प्लास्टिक व गालिचा यांना तापवतो. ही तापलेली वस्तू जी उष्णता बाहेर टाकते ती लांब लहरींची असते, आणि तिला काच वाट देत नाही. म्हणून आत आलेले ऊन आतच अडकते. पडदा काचेच्या आतून लावला तर ऊन काच ओलांडूनच त्याच्यापर्यंत पोहोचते, त्यामुळे ते शोषून घेण्याऐवजी आल्या वाटेने परत पाठवणारा चकचकीत पृष्ठभाग बाहेरच्या बाजूस असणे महत्त्वाचे आहे. काळा पडदा उजेड उत्तम अडवतो, पण ऊन स्वतःत मुरवून घेतो आणि नंतर तीच उष्णता गाडीत सोडतो. काचेच्या बाहेरून लावलेला पडदा उष्णतेच्या दृष्टीने अधिक चांगला, यात शंका नाही. मात्र तो वाऱ्याने उडतो, पावसात भिजतो आणि कोणीही सहज काढून नेऊ शकतो, म्हणून मी आतलाच पर्याय धरला. चकचकीत थर काचेला चिकटून बसला तर त्याचा गुण बराच कमी होतो. मध्ये थोडी हवा असली पाहिजे. पडदा चौकटीत दाबून बसवला की ही फट आपोआप राहते.

सामान जमवणे सोपे आहे. पत्र्याच्या छताखाली उष्णता अडवण्यासाठी लावतात ती, एका बाजूला चंदेरी थर असलेली फोम शीट पुण्यात सहज मिळते. ती घेताना साधा फोम आणि क्रॉसलिंक फोम यांतला फरक दुकानदाराला जरूर विचारावा. साधा फोम स्वस्त असतो, पण उन्हात तापून आणि वारंवार दाबला जाऊन त्याची कड मऊ पडते. क्रॉसलिंक फोम दाबला तरी पुन्हा मूळ जाडीवर येतो, आणि आपल्याला नेमका हाच गुण हवा आहे. जाडी १० मिलिमीटर घ्यावी, कारण ५ मिलिमीटरची शीट मोठ्या काचेवर स्वतःच्या वजनाने वाकते. दुसऱ्या बाजूला लावण्यासाठी मी छत्रीचे काळे कापड घेतले. सुती कापड हाताला छान लागते, पण कोकणातल्या दमट हवेत त्याच्यावर बुरशी धरते. छत्रीचे कापड ओल धरत नाही आणि चटकन वाळते. त्याशिवाय सनपॅकची (आतून पोकळ नळ्या असलेल्या हलक्या प्लास्टिकची) एक शीट, रबरी चिकटद्रव्य म्हणून फेव्हिकॉल एसआर ९९८, वेल्क्रो, नवारीची पट्टी, ब्राउन पेपर, मास्किंग टेप आणि मेणखडू एवढे लागते. बोहरी आळी आणि नाना पेठ अशी एक फेरी केली की यातले जवळजवळ सगळे हाती येते.

खरे काम कागदी साच्याचे आहे आणि त्याला मी सर्वात जास्त वेळ दिला. टेपने लांबी-रुंदी मोजून सफारीच्या मागच्या बाजूच्या काचेचे माप कधीच मिळणार नाही, कारण तिच्या एकाही कोपऱ्यात काटकोन नाही आणि खालची कड दिसते तितकी सरळ नाही. शिवाय काच वरून खाली किंचित वळलेली असते. म्हणून ब्राउन पेपर गाडीच्या आतून काचेवर ताणून मास्किंग टेपने चिकटवायचा, मात्र टेप कडेपासून आत, काचेच्या मध्यावर लावायची, म्हणजे कडेचा कागद मोकळा राहतो. मग बोटाच्या टोकाने कागद चौकटीच्या खाचेत हळूहळू दाबत पूर्ण फेरी मारायची. कागदावर घडी उमटते. त्या घडीवरून मेणखडू आडवा धरून फिरवला की चौकटीची कड कागदावर गडद रेघेने उठून येते. पेन्सिलचे टोक खाचेत घालून रेघ मारण्यापेक्षा ही पद्धत अधिक खात्रीची आहे, कारण पेन्सिल चौकटीच्या प्लास्टिकला टेकून कधी आत तर कधी बाहेर सरकते आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

कोपऱ्यांना मात्र हा उपाय पुरत नाही. गोल कोपऱ्यात मोठा कागद दाबला की त्याला चुण्या पडतात आणि रेघ फसवी येते. तिथे पोस्टकार्डाएवढा वेगळा कागद घ्यावा, तो कोपऱ्यात नेमका बसेपर्यंत कात्रीने थोडा थोडा कापत जावा, आणि जमला की मूळ कागदाला जागच्या जागी टेपने जोडून टाकावा. चारही कोपरे असे वेगळे बसवल्यावर जो साचा मिळतो तो अक्षरशः त्या काचेचा असतो. तो कापून पुठ्ठ्यावर उतरवावा, पुठ्ठा चौकटीत बसवून पाहावा आणि अडेल तिथे ब्लेडने एकेक मिलिमीटर छाटावे. पुठ्ठा कडक असल्यामुळे कागदाने लपवलेल्या खोड्या तो लगेच दाखवतो. प्रत्येक साच्यावर ती काच कोणती, वर कोणती बाजू आणि गाडीच्या आत कोणती बाजू, हे ताबडतोब लिहून ठेवावे. टेबलावर सगळे साचे एकत्र आले की ओळख पटत नाही.

डाव्या काचेचा साचा उलटा करून उजव्या काचेला लावून पाहिला तर तो बसायला हवा, पण हे गृहीत न धरता प्रत्यक्ष लावून पाहणे चांगले. वर्षानुवर्षे वापरलेल्या गाडीत आतले प्लास्टिकचे आवरण कुठेतरी काढून पुन्हा बसवलेले असते, रबराचे बीडिंग एका बाजूला जास्त झिजलेले असते, आणि अशा वेळी दोन्ही बाजूंत दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. पडदा दाबून बसवायचा असल्यामुळे एवढा फरक फोम सामावून घेतो. त्याहून जास्त असेल तर दोन्ही साचे वेगळे करावेत.

फोम कापताना साच्याच्या रेघेपासून सगळीकडे ५ मिलिमीटर बाहेर रेघ मारावी. हे वाढीव मापच पडद्याला चौकटीत धरून ठेवते. फोम प्लायवूडवर पसरून, चंदेरी बाजू वर ठेवून, कटरचे पाते लांब बाहेर काढून आणि जवळजवळ आडवे धरून एका दमात कापावे. कात्रीने कापले तर कड दातेरी होते आणि त्या प्रत्येक दात्यातून सकाळचा उजेड आत येतो. यानंतर फोमच्या दुसऱ्या बाजूला काळे कापड चिकटवायचे. एसआर ९९८ दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावून, बोटाला ओले लागेनासे होईपर्यंत थांबून, मग कापड मधून कडेकडे दाबत नेले तर फुगे राहत नाहीत. हे काम मोकळ्या हवेत करावे, कारण त्याचा वास डोक्यात जातो.

आता कडेविषयी. नुसती कापलेली फोमची कड काही दिवस चांगली राहते, मग तिचे तुकडे पडू लागतात आणि चंदेरी थर सुटायला लागतो. म्हणून तिला गोट, म्हणजे कडेवर दुमडून शिवलेली कापडी पट्टी, हवा. गोटाची पट्टी सरळ धाग्यावर कापली तर गोल कोपऱ्यावर तिच्या चुण्या पडतात, उरेब, म्हणजे धाग्याला तिरपी, कापली तर ती वळणावर ताणली जाऊन गुळगुळीत बसते. मी चार सेंटीमीटर रुंदीच्या उरेब पट्ट्या त्याच काळ्या कापडातून कापल्या. घरच्या शिलाई मशीनखाली हा जाडजूड थर नीट सरकत नाही, त्यामुळे गोट मारण्याचे काम नाना पेठेतल्या सीट कव्हर शिवणाऱ्या एका कारागिराकडून करून घेतले. त्यांच्या मशीनची सुई जाड असते आणि कापड वरून व खालून एकाच वेळी ओढले जाते. त्यांनी मशीन लावताना टाका लांब, साधारण चार मिलिमीटरचा ठेवला. टाके जवळजवळ घेतले तर चंदेरी थराला टपाल तिकिटाच्या कडेसारखी भोके पडतात आणि पुढे तो तिथूनच फाटतो, असे त्यांनी एका तुकड्यावर शिवून दाखवले. खालच्या कडेला नवारीचा छोटा फासा शिवून घेतला आहे. पडदा काढताना तोच ओढायचा, म्हणजे नखाने कड उचकटावी लागत नाही आणि गोटही टिकतो.

पडदे तयार झाले की भर उन्हात गाडी उभी करून, सगळे पडदे लावून, आत बसून दार बंद करावे. दोन मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात आणि उजेडाची प्रत्येक रेघ दिसू लागते. माझ्या गाडीत वरचे कोपरे आणि बीडिंगचा जोड या दोन जागी ती होती. तिथे गोटाच्या आत फोमची पातळ पट्टी सरकवून कड फुगवली आणि उजेड बंद झाला. ही तपासणी रात्री टॉर्च फिरवून करता येते, पण ऊन जे दाखवते ते टॉर्च दाखवत नाही.

या सगळ्यात मला सर्वात समाधान देणारी गोष्ट म्हणजे पडद्यांची अदलाबदल. डावी आणि उजवी काच एकमेकींची आरशातली प्रतिमा असल्यामुळे डाव्या काचेचा पडदा पालटला की तो उजव्या काचेत बसतो आणि उजव्याचा डाव्या काचेत. दिवसा चंदेरी बाजू बाहेर ठेवून ऊन परतवायचे, आणि संध्याकाळ झाली की दोन्ही पडदे काढून, पालटून, एकमेकांच्या जागी लावायचे. मग बाहेरून काळे कापड दिसते आणि आत कोणी झोपले आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. रात्रीच्या अंधारात चंदेरी काच मात्र दुरूनही नजरेत भरते. थंडीत याचा आणखी एक फायदा मिळतो: आतल्या बाजूस आलेला चंदेरी थर अंगातून निघणारी ऊब काही प्रमाणात आतच परतवतो. यासाठी गोट आणि फासा दोन्ही बाजूंनी सारखे दिसतील असे शिवून घ्यावे लागतात, एवढेच.

मागच्या दरवाजाची काच वेगळ्या स्वभावाची आहे. तिच्या आतल्या अंगाला डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुके घालवणाऱ्या यंत्रणेच्या, बारीक तपकिरी रेघा छापलेल्या असतात. त्या काचेच्या आत नसून पृष्ठभागावर असतात, त्यामुळे चिकटपट्टी ओढून काढताना किंवा काही घासले गेल्यास रेघ तुटू शकते, आणि एक रेघ तुटली की तेवढ्या पट्ट्यातले धुके निघत नाही. तिथे काहीही चिकटवू नये आणि पडदा लावलेला असताना डिफॉगर चालू करू नये. शिवाय सफारीचा हा दरवाजा बाजूला उघडतो आणि स्टेपनीच्या वजनामुळे दणक्याने बंद होतो, त्यामुळे नुसता दाबून बसवलेला पडदा निसटतो. इथे मी फोमच्या मागे सनपॅकची शीट घालून पडदा ताठ केला आणि चौकटीच्या प्लास्टिकवर दोन्ही बाजूंना वेल्क्रोची एकेक पट्टी लावली. सनपॅक कापताना तिच्या आतल्या नळ्यांची दिशा पाहावी. नळ्या आडव्या ठेवल्या तर शीट वरून खाली काचेच्या बाकानुसार वळते, उभ्या ठेवल्या तर ती हट्टाने सपाट राहते आणि वरची कड काचेपासून सुटते.

मधल्या दोन दरवाजांच्या काचांना याच रीतीने पडदे केले, त्यांचे वर्णन पुन्हा करत नाही. पुढच्या काचेसाठी मात्र वेगळा पडदा न करता पुढच्या सीटच्या मागे, छताजवळच्या दोन हँडलांमध्ये दोरी बांधून जाड कापड सोडतो. गरज पडली तर ते एका हाताने बाजूला सारून थेट ड्रायव्हरच्या सीटवर जाता येते, आणि अनोळखी ठिकाणी झोपताना ही सोय असणे मला आवश्यक वाटते.

पडदे इतके घट्ट बसले की हवेचा प्रश्न उभा राहतो. सफारीच्या सर्वात मागच्या बाजूच्या काचा उघडत नाहीत. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात एवढी वाफ निघते की काचेच्या आतल्या अंगावरून पाण्याचे ओघळ येतात आणि पडद्याची खालची कड भिजते. त्यामुळे मधल्या दोन्ही दरवाजांच्या काचा दोन बोटे खाली ठेवतो, आणि त्या दरवाजांवर मच्छरदाणीच्या जाळीची पिशवी वरून चढवून मग दरवाजा बंद करतो. दोन्ही बाजूंनी हवा खेळती राहिली की सकाळी काचा बऱ्याच कोरड्या मिळतात. कितीही उकडत असले तरी इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपू नये, हे मात्र आवर्जून सांगतो. उभ्या गाडीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो, आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही. तसेच हा फोम पेट घेणारा आहे, त्यामुळे चहाचा स्टोव्ह गाडीच्या बाहेर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या आरंभी भंडारदरा, घाटघर, साम्रद या भागात काजवे पाहायला जाणाऱ्यांना या पडद्यांचा आणखी एक उपयोग सांगावासा वाटतो. काजव्यांचे चमकणे ही नर-मादींची एकमेकांना दिलेली खूण असते आणि माणसाच्या दिव्यांनी ती बिघडते. गाडीतला दिवा लावून जेवण उरकायचे असेल किंवा अंथरूण घालायचे असेल तर काचा झाकलेल्या असल्या पाहिजेत. तिथे गाड्यांचे हेडलाइट आणि आतले दिवे रात्रभर जळताना पाहून मनाला फार यातना होतात.

वापरून झाले की पडदे कधीही घडी घालून ठेवू नयेत, कारण फोमला पडलेली घडी पुन्हा जात नाही आणि तिथूनच चंदेरी थर तडकतो. आमचे सगळे पडदे एकावर एक रचून प्लायवूडच्या फळीखाली आडवे ठेवलेले असतात. सर्वात मोठा खाली, लहान वर. प्रत्येकाच्या फाशाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला आहे, त्यामुळे अंधारातही बॅटरीच्या मिणमिणत्या उजेडात कोणता कुठला ते कळते. पावसाळ्यातून परतल्यावर ते दिवसभर सावलीत, भिंतीला टेकवून उभे वाळवतो आणि गोटाची शिवण कुठे उसवली आहे का ते तेव्हाच पाहून घेतो. पुठ्ठ्याचे साचे मी जपून ठेवले आहेत. जुनी सफारी असलेल्या कोणाला ते उतरवून घ्यायचे असतील तर आनंदाने देईन, मात्र आपल्या गाडीच्या चौकटीत बसवून पाहिल्याशिवाय फोमला पाते लावू नये.